इंदूताईंचा बूटक्लास

शांतारामचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांत थेंब घालून पडलो होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ताकीद दिली आहे, थेंब घातले की डोळे मिटून गप्प पडायचं. सुनेने फोन कानाशी धरला. शांताराम एरवी फोनवर असा ओरडतो की फोन नसता तरी दादरहून डोंबिवलीला ऐकू आलं असतं. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता. "काश्या, इंदूताई गेल्या रे," तो म्हणाला. मी विचारलं, "केव्हा?" "पहाटे. झोपेतच. त्रास नाही, काही नाही... येतोस ना? मी चर्नी रोडच्या पुलाखाली थांबतो." मी हो म्हटलं आणि डोळे उघडले. थेंब गालावर आले. सून म्हणाली, "बाबा, पुन्हा घालावे लागतील." मी म्हटलं, "राहू दे आता."

त्याला महिना होऊन गेला. इंदूताईंनी नव्वदी कधीच ओलांडली होती, त्यामुळे भेटायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी "सुटल्या बिचाऱ्या" असं म्हणून घेतलं. मला ते आवडलं नाही. बिचाऱ्या त्या कधी नव्हत्या, आणि सुटण्यासारख्या कुठे अडकलेल्याही नव्हत्या. गेल्या दिवाळीनंतर मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून परदेशातला कुठलातरी सामना बघत बसल्या होत्या. मला बघून नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम तक्रार: "काशिनाथ, ह्या पोरावर शिट्टी का वाजवली? तो नुसता पुढे उभा होता. पुढे उभं राहणं हा गुन्हा कधीपासून झाला?" मी बशीतली बिस्किटं आणि दोन कप मांडून ऑफसाइड समजावून सांगितला. त्यांचा भाऊ नाना हेच काम पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी मैदानावरच्या खड्यांनी करायचा. त्या म्हणाल्या, "कळलं." कळलेलं नव्हतं. कपात बुडवायला त्यांनी नेमका सेंटर फॉरवर्ड उचलला. आयुष्याची इतकी वर्षं जिने फुटबॉलच्या पोरांत घालवली, तिला शेवटपर्यंत ऑफसाइड कळला नाही, असं कुणी सांगितलं तर मी थाप समजलो असतो. पण मी तिच्याच हाताखालचा.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. चाळीसमोर मैदान आणि मैदानापलीकडे पोलीस लाईन. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापायला लागली होती, पण आम्हा पोरांना ती अजून घोषणांपुरतीच ठाऊक होती. आम्ही संध्याकाळी चिंध्यांचा चेंडू बडवायचो आणि गोलाजवळ पोचलं की सगळे मिळून ओरडायचो, "गोल झालाच पाहिजे!" अशाच एका रविवारी नाना आला. कारकुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत खराखुरा कातडी फुटबॉल. त्याच्यामागे दोन पावलांवर इंदूताई, काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आम्हाला वाटलं, पिशवीत खाऊ असणार. पुस्तकं निघाली.

ही भावंडं गिरगावातल्या जुन्या घराण्यातली. तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांत गेलेल्या, जमीनजुमला होता तो कधीच आटलेला. त्यांच्या दिवाणखान्यात झुंबराचा हूक होता, झुंबर नव्हतं. नाना आपल्या कचेरीच्या टीममध्ये हाफबॅक खेळायचा आणि इंदूताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नानाची कल्पना साधी होती, गिरणगावातली पोरं चपळ आहेत, त्यांना नीट शिकवलं तर टीम होईल. इंदूताईंची त्याला जोड अशी की नीट शिकवायचं तर नुसत्या लाथा कशाला? संस्थेला त्यांनी नाव दिलं होतं 'नायगाव कुमार क्रीडा व अभ्यास मंडळ'. हे नाव फक्त पाटीवर राहिलं. चाळीच्या कमिटीने तळमजल्यावरची एक खोली दिली, तिथे आधी अभ्यास आणि मग मैदान, हा नियम. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं पळाली. चेंडू खरा होता म्हणून दुसऱ्या आठवड्यात परत आली.

अडचण बुटांची होती. नानाने गिरगावभर फिरून, ओळखीच्या खेळाडूंकडून टाकून दिलेले बूट जमवले, लालबागच्या चांभाराकडून ते लहान करून घेतले, तरी पोरं बुटांच्या दुप्पट. पुस्तकांचीही तीच गत. नानाचं म्हणणं, आळीपाळीने घालू. इंदूताईंनी नाक मुरडलं. "आळीपाळीने म्हणजे एकाने वापरायचं आणि दुसऱ्याने वाट बघायची. वाट बघणाऱ्याला काय येणार?" मग त्यांनी जी वाटणी केली तिच्यामुळे आमचं नाव सगळ्या नायगाव-परळात झालं. दोघांची एक जोडी. जोडीला एक बूटजोड, उजव्या पायाने मारणाऱ्याला उजवा, डाव्याने मारणाऱ्याला डावा. उरलेल्या पायाला पट्टी गुंडाळायची. आणि जोडीला एकच गणिताचं पुस्तक, तेही मधोमध कापून, दोन्ही तुकड्यांना पुठ्ठे घालून. ज्याला जे चांगलं येतं ते अर्धं त्याच्याकडे, म्हणजे दुसऱ्याला शिकायला त्याच्याच दारात यावं लागणार. समोरच्या टीमची पोरं आम्हाला बघून हसायची, एका पायाचे बगळे म्हणायची. आम्ही मात्र मिरवायचो. संस्थेला 'बूटक्लास' हे नाव तिथूनच पडलं.

पुस्तक कापलं म्हणून मात्र माझे वडील खवळले. ते स्वतः दुसरी शिकलेले, पण घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर दोन्ही हात जोडून कपाळाला लावायला लावायचे. माझ्या हातातला तो अर्धा तुकडा बघून तसेच गिरणीच्या कपड्यांत खाली उतरले. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. "बाई, आमच्या पोरांच्या हातात पुस्तक यायला किती पिढ्या गेल्या, आणि तुमी ते कापलंत?" इंदूताईंनी मान खाली घातली नाही आणि आवाजही चढवला नाही. "दोघांत एक आहे, दादा. अख्खं ठेवलं तर एक वाचेल आणि दुसरा त्याच्या तोंडाकडे बघत बसेल." वडील म्हणाले, "मग दुसरं आणा." "आणते. पण येईपर्यंत कापलेलं वाचू दे." वडील वर आले. त्या रात्री त्यांनी माझ्या अर्ध्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कोपरे असे दुमडले की पुस्तक फाटेल पण कव्हर निघणार नाही.

माझा जोडीदार शांताराम. पोलीस लाईनीतला, हवालदाराचा मुलगा, साताऱ्याकडचा. आम्ही दोघेही त्या वर्षी मॅट्रिकला. त्याचा डावा पाय म्हणजे काय सांगू, लेफ्ट आउटवरून चेंडू असा वळवायचा की गोली उलट्या बाजूला उडी मारायचा. मी उजवीकडून. पुस्तकाचं बीजगणित त्याच्याकडे, भूमिती माझ्याकडे. मला 'क्ष' बघितला की घाम फुटायचा आणि त्याला त्रिकोण. मी लाईनीत जायचो, तो चाळीत यायचा. त्याची आई मला शेंगदाण्याची चटणी-भाकरी द्यायची, माझी आई त्याला सुकटीचं कालवण. आमच्या आधी लाईनीतली पोरं आणि चाळीतली पोरं एकमेकांवर दगडच मारायची. इंदूताईंनी हे मुद्दाम केलं होतं का? पुढे एकदा विचारलं तर म्हणाल्या, "छे. तू उजवा, तो डावा. मला दुसरा डावा मिळाला नाही."

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं झालं आणि गिरणगाव पेटलं. नाना सरकारी नोकर, त्याला मोर्चात जाता येईना. "आमच्या घरातून मी जाते," असं म्हणून इंदूताई जायला लागल्या. सकाळी मोर्चा, संध्याकाळी बूटक्लास. घोषणा देऊन घसा बसलेला असायचा, त्यामुळे गणित हळू आवाजात. आणि त्याच रस्त्यांवर शांतारामचा बाप लाठी घेऊन बंदोबस्ताला उभा. आम्ही दोघे ह्यावर बोलत नसू. बोलण्यासारखं काय होतं? त्याच्या घरात बापासाठी जेवण झाकून ठेवलेलं असायचं, माझ्या घरात वडील संपावर.

त्या जानेवारीत गोळीबार झाला. आमच्या मजल्यावरच्या भागाकाकींचा दत्तू गिरणीच्या गेटावरून घरी येत होता, तो पोचला नाही. दत्तू कामगारांच्या टीममध्ये गोली होता. शिवाय मला बुटाची नाडी घोट्याभोवती फिरवून बांधायला त्यानेच शिकवलं होतं. त्याला आणलं तेव्हा चाळीच्या त्या अंधाऱ्या लांब बोळात दोन्ही बाजूंच्या खोल्यांतली सगळी माणसं उभी होती आणि आवाज एकट्या भागाकाकींचा. त्याच दिवशी तिकडे फाउंटनच्या बाजूला इंदूताईंच्या उजव्या मनगटावर लाठी बसली. हाड मोडलं. संचारबंदी लागली, वर्ग बंद पडला. मला राग होता आणि तो खोटा नव्हता. आजही दत्तू आठवला की तो राग येतो. वय झालं म्हणून सगळंच निवत नाही.

संचारबंदी उठल्यावर पहिल्या रविवारी इंदूताई आल्या. ट्रामने परळपर्यंत, पुढे चालत. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. खोलीत आम्ही चाळीतलीच पोरं होतो. आमच्यातला मोठा विठ्ठल, तो आमचा कॅप्टन, उभा राहून म्हणाला, "ताई, लाईनीतली पोरं आता नकोत. कमिटीचं पन तेच म्हननं आहे. ती येनार असतील तर आमी नाय बसनार. तुमचा हात मोडला त्यांनी." इंदूताई डाव्या हाताने फळ्यावर वाकडीतिकडी आकृती काढत होत्या. खडू ठेवला, वळल्या. "हात माझा मोडलाय, विठ्ठल. तुझं काय मोडलंय?" विठ्ठल फळ्याकडे बघायला लागला. "दत्तूबद्दल बोलायचा हक्क त्याच्या आईला आहे. माझ्या हाताबद्दल मला. आणि लाठी कुणी मारली ते मी पाहिलंय. तो ह्या लाईनीतला नव्हता, आणि असता तरी तो काही लेफ्ट आउटला खेळत नाही. बसा." आम्ही बसलो. पण मन कुणाचंच बसलं नाही. कमिटीने निरोप धाडला की आठ दिवसांत काय ते ठरवा, नाहीतर खोली रिकामी करा. खोली गेली की वर्ग गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. चाळीत दुसरी जागा कुठली, माणसांनाच नव्हती.

पण लाईनीतली पोरं आपण होऊनच येईनाशी झाली होती. माझी परीक्षा तोंडावर, बीजगणित शांतारामकडे, आणि मैदान ओलांडून पलीकडे जायची माझी तयारी नाही. मी भूमितीची तीच ती प्रमेयं घोकत बसायचो. आई म्हणायची, "किती रं त्याच त्या पानावर?" मी म्हणायचो, "एवढंच हाय माझ्याकडं."

पुढचं मला नंतर शांतारामने आणि नानाने सांगितलं. तो एके दिवशी एकटाच गिरगावात इंदूताईंच्या घरी गेला. हातात त्याचा डावा बूट आणि अर्धं पुस्तक. म्हणाला, "ताई, हे काशीला द्या. त्याची परीक्षा आहे. बूट पन त्यालाच घालू द्या दोन्ही. मी आता येत नाही." इंदूताईंनी वस्तू हातात घेतल्या नाहीत. "मी काय हमाल आहे? जोडीदार तुझा आहे. स्वतः नेऊन दे." शांताराम म्हणाला, "चाळीत?" "मग काशी काय मलबार हिलवर राहतो?" हे त्या बोलल्या खऱ्या. तो जिना उतरून गेला, आणि मग त्यांना भान आलं की आपण एका हवालदाराच्या पोराला, गोळीबाराला महिना झालेला नसताना, एकट्याला कुठे पाठवलं आहे. नाना म्हणायचा, ताईला रागात पायरी दिसत नाही. पायांत चपला सरकवून त्या तशाच ट्राम गाठायला धावल्या, झोळीतला हात सावरत.

मी दाराशी बसून अभ्यास करत होतो. आई आत भाकऱ्या थापत होती. बोळाच्या टोकाला नळावरच्या बायकांचा आवाज अचानक थांबला, म्हणून मी मान वर केली. शांताराम येत होता. एका हातात बूट, नाडीला धरून लोंबकळणारा, दुसऱ्या हाताने पुस्तक छातीशी धरलेलं. ज्या ज्या दारासमोरून तो पुढे येई त्या दारात माणूस उभं राही. मागून विठ्ठल आणि आणखी दोघे जिना चढून वर आले होते. माझ्या दारापर्यंत यायला त्याला भागाकाकींचं दार ओलांडावं लागणार होतं आणि काकी उंबऱ्यातच बसल्या होत्या. दत्तू गेल्यापासून त्या तिथेच बसायच्या. मी उठून उभा राहिलो, पण दारातच राहिलो. खरं सांगतो, काय होईल ह्याची मला भीती वाटली आणि काय व्हावं हे मला ठरवता येत नव्हतं.

काकींनी त्याच्याकडे बघितलं. "कुनाचा रं तू?" शांतारामने बापाचं नाव सांगितलं, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाला, "लाईनीतला." विठ्ठल एक पाऊल पुढे आला. काकींनी हाताने त्याला तिथेच थांबवलं. त्यांची नजर त्या लोंबकळणाऱ्या बुटावर होती. त्यांच्या घरातही खुंटीला बूट होते, दत्तूचे, दोन. "ह्यो एकच हाय?" काकी म्हणाल्या. "दुसरा कुटं हाय?" शांताराम म्हणाला, "दुसरा काशीकडं." काकींनी पाय आत ओढून घेतले. "मग जा त्याच्याकडं. एकाचं काय करायचं," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. दार लावून घेतलं. त्यानंतर भागाकाकी मरेपर्यंत शांतारामशी एक शब्द बोलल्या नाहीत, हेही इथे लिहिलं पाहिजे. पण त्या दिवशी बोळातल्या माणसांनी वाट दिली ती त्यांच्यामुळे.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बूट आणि पुस्तक पुढे केलं. "तू दोन्ही घाल. पुस्तक पन पुरं ठेव. मी सोडतोय." त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या तोंडून निघालं ते असं, "डाव्या पायानं मला काय मारता येतं रे? आनि ह्यातलं मला शिकवनार कोन, तुझा बाप?" बाप हा शब्द निघून गेला आणि आम्ही दोघेही दचकलो. मग तो म्हणाला, "मी विचारलं त्यांना. तुमी कुठं होता त्या दिवशी, म्हनून. ते काय बोलले नाहीत. जेवले पन नाहीत." इतकंच. आत चुलीवरची भाकरी जळल्याचा वास आला. आईने आतूनच हाक दिली, "त्या पोराला आत घे की, का बोळातच उभा करनार हाईस?"

तो आत आला आणि लगोलग जिन्यावरून धापा टाकत इंदूताई. केस सुटलेले, एक चप्पल पायात, एक हातात. शांताराम जमिनीवर धडधाकट बसलेला बघितला आणि त्या आमच्या उंबऱ्यातच मटकन खाली बसल्या. आईने पाणी दिलं, त्या घटाघटा प्यायल्या, रिकामा पेला पुन्हा पुढे केला. गिरगावातल्या बाईने आमच्या घरचं पाणी असं मागून प्यायलेलं आई पुढे जन्मभर सांगायची. इंदूताईंना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. त्या शांतारामला म्हणाल्या, "मूर्ख आहे मी. तुला एकट्याला पाठवलं. मला सोबत यायला हवं होतं." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "बीजगणित कुठपर्यंत आलंय?"

तो वर्ग आमच्या दारातच झाला. विठ्ठल थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला, मग कंटाळून की कशाने कोण जाणे, तोही बसला. वडील पाळी करून आले... संप मिटला होता... तर त्यांना स्वतःच्या घरात शिरायला वाट नव्हती. त्यांनी डबा खाली ठेवला आणि बोळातच उकिडवे बसून राहिले. कमिटीच्या लोकांनीही हे सगळं पाहिलं होतं. खोलीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. भागाकाकींनी वाट दिल्यावर बाकीच्यांनी कसली अडवायची? लाईनीतली पोरं एकेक करून परत आली, सगळी नाही, पण शांताराम आला तो राहिला.

आम्ही दोघेही मॅट्रिक पास झालो. गणितात मला जेमतेम, त्याला चांगले. पावसाळ्यात आमच्या टीमने परळच्या एका मंडळाशी सामना खेळला आणि चिखलात सपाटून मार खाल्ला. शेवटी शांतारामने एक गोल केला, तोही ऑफसाइड ठरला. इंदूताई छत्री घेऊन पंचाशी भांडायला मैदानात उतरल्या, नानाने त्यांना अक्षरशः ओढून बाहेर आणलं. त्याच वर्षी पुढे आमच्या घरातले देव जाऊन बुद्धाचा फोटो लागला, वडिलांनी त्याच्याखाली फळी ठोकली आणि तिच्यावर माझी पुस्तकं रचली.

महाराष्ट्र झाला तेव्हा इंदूताई पेढे घेऊन नायगावात आल्या. चाळीत वाटून झाल्यावर मैदान ओलांडून लाईनीत गेल्या, मला आणि शांतारामला बरोबर घेऊन. शांतारामचे वडील बनियनवर ओट्यावर बसले होते, उठून उभे राहिले. पेढा घेतला, खाल्ला नाही, हातात धरून ठेवला. इंदूताईंचं उजवं मनगट नीट जुळलं नव्हतं, हाताला बाक आला होता आणि डबा त्या डाव्या हाताने पुढे करत होत्या. हवालदारांनी ते पाहिलं. "हात कसा हाय बाई आता?" त्यांनी विचारलं. इंदूताई म्हणाल्या, "पावसाळ्यात ठणकतो." हवालदारांनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं. गोळीबाराच्या दिवशी ते कुठे होते हे शांतारामला अखेरपर्यंत कळलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

पुढे मी विमा कंपनीत लागलो. शांतारामने पोलिसात जायला नकार दिला आणि गणिताचा मास्तर झाला, दादरच्या शाळेत. त्रिकोण मात्र त्याला शेवटपर्यंत मीच समजावले, असं मी त्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. बूटक्लास बरीच वर्षं चालला. मग नाना गेला, गिरण्या बंद झाल्या, मैदानाला कुंपण पडलं. आता तर चाळीच पाडून टॉवर उभे राहताहेत. इंदूताईंनी ह्या कशावर सुस्कारे सोडल्याचं मला आठवत नाही. त्या विचारायच्या, "टॉवरमधली पोरं खेळतात कुठे?" आणि माझ्याकडे उत्तर नसलं की चिडायच्या, जणू मैदान मीच विकलं.

बारा-तेरा दिवस झाल्यावर त्यांच्या भाच्याने आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. खोली आवरायची होती. झुंबराचा हूक अजून छताला होता, त्याला पंखा लटकत होता. कॉटच्या वर खिळ्याला एक बूटजोड टांगलेला, नाड्या एकमेकींत बांधलेल्या. हंगाम संपला की आम्ही बूट त्यांच्याकडे जमा करायचो आणि त्या प्रत्येक जोड असा एकत्र बांधून ठेवायच्या. बाकीचे केव्हाच गेले असणार. आमचा तेवढा राहिला होता. चामडं कडक झालेलं, तळाचे खुंट झिजून सपाट, पण वर तेलाचा हात ताजा. भाच्याने विचारलं, "हे काय करू? टाकू का?" आम्ही दोघांनी एकदम "नको" म्हटलं. पण घेणार कोण?

गाठ इंदूताईंनी बाक आलेल्या हाताने मारलेली, सुटता सुटेना. माझी नजर अधू, त्याची बोटं थरथरणारी. शेवटी त्याने धरलं आणि मी नखांनी सोडवली. मी सवयीने उजवा उचलला. शांताराम म्हणाला, "तो दे इकडे. तुझा माझ्याकडे राहू दे. तू माझा घे." रडण्यासारखं झालं की आम्ही दोघे खोकतो. तसे बराच वेळ खोकलो.

तो डावा बूट आता माझ्या घरी दाराजवळच्या फळीवर आहे. सुनेला आधी तो अडगळ वाटला, दोनदा तिने आत नेऊन ठेवला, मी दोनदा बाहेर आणला. येणारा प्रत्येक माणूस, कुरिअरवाला, शेजारची पोरं, परवा गॅसवालासुद्धा, चपला काढता काढता तिकडे बघतो आणि एकच प्रश्न विचारतो. भागाकाकींनी विचारला होता तोच. मी सांगतो, दुसरा शांतारामकडे आहे, दादरला. मग शांताराम कोण हे सांगावं लागतं, ते सांगायचं तर इंदूताई सांगाव्या लागतात, आणि त्यांचा हात, आणि दत्तू... गॅसवाल्याला घाई होती, तरी तो थांबला.